पिझ्झाची भट्टी: विटांच्या आधी विटांखालचा विचार

प्रश्न असा आहे: पौडच्या पुढे, मुळशीच्या बाजूला शेतघराच्या अंगणात लाकडावर चालणारी विटांची पिझ्झा भट्टी बांधायची आहे. गावातला गवंडी म्हणतो, लाल विटा, सिमेंट आणि वरून गिलावा, आठ दिवसांत भट्टी उभी करून देतो. हे चालेल का? आकार केवढा ठेवावा? आणि तिकडच्या पावसात ती टिकेल का?

तुमचा गवंडी म्हणतो तशी भट्टी आठ दिवसांत उभी राहील आणि पेटेलसुद्धा. पहिला पिझ्झा बरा निघेल. दुसऱ्याचा तळ पांढरा राहील. तिसऱ्याचं वरचं चीज करपेल आणि खालचं पीठ कच्चं निघेल. मग सगळे म्हणतील, लाकूड ओलं होतं. लाकडाचा त्यात काही दोष नसतो. भट्टीचा तळ आपल्याजवळची उष्णता खालच्या काँक्रीटला देऊन बसलेला असतो, आणि ही गळती भट्टी एकदा बांधून झाली की कुणालाच थांबवता येत नाही. छत पुन्हा झाकता येतं, धुराडं बदलता येतं, गिलावा पुन्हा करता येतो. तळाखाली मात्र एकदाच हात घालता येतो, म्हणून तिथून सुरुवात करतो.

मी कोल्हापुरात फाउंड्रीमध्ये भट्ट्यांच्या लायनिंगवर, म्हणजे आतल्या अस्तरावर, बरीच वर्षं काम केलं आणि नंतर पाव-पिझ्झाच्या भट्ट्या बांधायला लागलो. तरीही माझी स्वतःची पहिली भट्टी मी चुकीची बांधली. कारण फाउंड्रीतली सवय. तिथे आग सतत चालू असते, थोडी उष्णता वाया गेली तर आग ती भरून काढते. घरची भट्टी दोन तास पेटते आणि तेवढ्या शिदोरीवर तिला संध्याकाळ काढायची असते. शेतावर मी १२ सेंटिमीटरचा स्लॅब टाकला आणि त्यावर थेट फायरब्रिक, म्हणजे आग सोसणाऱ्या विटा, मांडल्या. चार तास बाभळीचं लाकूड जाळलं. छताचं तापमान ४०० अंश सेल्सिअस झालं तेव्हा तळ २३० च्या वर जाईना, आणि स्लॅबच्या खालच्या बाजूला हात लावला तर चटका बसत होता. दुसऱ्या वर्षी स्लॅबला आरपार तडा गेला आणि सगळं फोडावं लागलं. वडील त्या दिवशी काही बोलले नाहीत, फक्त शेजारी बसून विटांना चिकटलेला सांध्यांचा मसाला खरवडत राहिले. तेव्हापासून मी कुणाकडेही कामाला गेलो की आधी विचारतो, तळाखाली काय घालणार?

पिझ्झाला ही पंचाईत पावापेक्षा जास्त का जाणवते, ते बघा. नेपल्समध्ये पिझ्झा करणाऱ्यांची जी संघटना १९८४ मध्ये स्थापन झाली, तिच्या नियमांत भट्टीचा तळ ३८० ते ४३० अंश, छत ४८५ अंशांच्या आसपास आणि भाजायला ६० ते ९० सेकंद असा हिशोब आहे. इतक्या थोड्या वेळात खालचं पीठ विटेच्या स्पर्शाने भाजायचं आणि वरचं छताच्या धगीने. दोन्ही एकाच वेळी पुरं व्हायला हवं. तळ थंड पडला तर पिझ्झा जास्त वेळ आत ठेवावा लागतो, आणि तोवर वरचं जळून जातं. घरी आपण नेपल्सचे आकडे गाठायलाच हवेत असं नाही. तळ ३५० आणि छत ४०० ते ४५० असलं की दोन-अडीच मिनिटांत फार सुंदर पिझ्झा होतो. पण तो पहिल्यासारखाच आठवाही व्हायला हवा, आणि तिथेच खालच्या थराचा कस लागतो.

पावाची भट्टी वेगळी. गोव्यात साष्टीत एका जुन्या पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, भट्टी दुरुस्त करताना मी ते नीट पाहिलं. त्या भट्टीला, म्हणजे तिकडे ज्याला फोर्न म्हणतात त्याला, हातभर जाडीच्या भिंती होत्या आणि खाली मातीचा भरीव ओटा. ती रोज पेटते, त्यामुळे पूर्ण थंड अशी कधी होतच नाही. आग काढून घ्यायची, तळ ओल्या फडक्याने पुसायचा आणि साठलेल्या उष्णतेवर उंडे, पोळे हे तिकडचे पाव भाजायचे. एवढं वजन तापवायला पूर्ण दिवस लागला तरी पोदेराला चालतं. तुम्ही शनिवारी दुपारी पुण्याहून येणार आणि संध्याकाळी पाहुणे. तुम्हाला कमी वजनाची, लवकर तापणारी आणि चहूबाजूंनी पांघरलेली भट्टी हवी. गावातल्या गवंड्याने आयुष्यात पाहिलेली भट्टी बहुधा बेकरीची असते, म्हणून तो जाड भिंतीकडे वळतो. त्याला हा फरक आधी समजावून सांगा. एकदा पटलं की हेच लोक उत्तम काम करतात.

आता खालून वर जाऊ.

तुमच्याकडे काळी माती असेल तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर ओटा बांधू नका. मुरूम लागेपर्यंत खणा, दगडाचं सोलिंग करा, वर पीसीसी, म्हणजे सळ्यांशिवायचं साधं काँक्रीट, घाला. ओट्यासाठी जांभा, काळा दगड, सिमेंटचे ब्लॉक काहीही चालतं, तिथे उष्णता पोचणारच नाही. भट्टीचा तळ जमिनीपासून १०५ ते ११० सेंटिमीटर उंच आला पाहिजे, म्हणजे पिझ्झा सरकवायचं लांब दांड्याचं फावडं आत-बाहेर करताना कमरेतून वाकावं लागत नाही. घरात जे सगळ्यात जास्त वेळ भट्टीपाशी उभे राहणार आहेत त्यांच्या कोपराशी माप घ्या. ओट्याखालची जागा लाकडं ठेवायला मोकळी ठेवा.

स्लॅब १० सेंटिमीटर जाड, १० मिलिमीटरच्या सळ्यांची जाळी, साधारण १५० बाय १८० सेंटिमीटर. याचंच वजन साडेसहाशे किलोच्या घरात जातं, त्यामुळे सेंटरिंग घाईने काढू नका. मुळशीसाठी एक खास सूचना: काँक्रीट ओतण्याआधी स्लॅबमध्ये पाच-सहा ठिकाणी बोटभर जाडीच्या पीव्हीसी पाइपचे तुकडे उभे ठेवा. ही भोकं पुढे वर्षानुवर्षं आत शिरलेलं पाणी खाली सोडतात. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि पुढे ते करायची सोय नाही.

स्लॅबवर येतो तो थर ज्यासाठी मी एवढं लिहितोय. दोन पर्याय आहेत. पहिला, कॅल्शियम सिलिकेटचे कडक बोर्ड, एकूण ५ सेंटिमीटर जाडीचे. बॉयलर आणि फर्नेसचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतात. दाबाला टिकतात, आणि साध्या काँक्रीटमधून जेवढी उष्णता पळते तिच्या पंधराव्या हिश्शाइतकीही यातून जात नाही. दुसरा पर्याय स्वस्त आणि घरी करण्यासारखा: व्हर्मिक्युलाइट किंवा पर्लाइट, म्हणजे खनिजाचे फुगवलेले हलके दाणे, जे रोपवाटिकेच्या दुकानात कुंड्यांच्या मातीत मिसळायला मिळतं. पाच घमेली व्हर्मिक्युलाइटला एक घमेलं सिमेंट, पाणी इतकंच की मुठीत दाबलं तर लाडू वळावा आणि थेंब गळू नये. हाताने, हलकं कालवा. मिक्सरमध्ये त्याचे दाणे चुरडतात आणि आतली हवा निघून जाते, मग उरतो नुसता कमकुवत कोबा. हा थर १० सेंटिमीटर जाड घाला आणि तीन आठवडे वाळू द्या. तो वरून कोरडा दिसतो पण पोटात पाणी धरून असतो. मी स्वतः बोर्ड वापरतो. पैसे वाचवायचे असतील तर छपरावर, फरशीवर, गिलाव्याच्या रंगावर वाचवा, इथे नको.

त्यावर बारीक वाळू आणि फायरक्लेची, म्हणजे आग सोसणाऱ्या मातीची, पूड समप्रमाणात मिसळून अर्धा-पाऊण सेंटिमीटरचा कोरडा थर पसरा, पाणपातळीने सपाट करा आणि त्यावर फायरब्रिक मसाल्याशिवाय, एकमेकींना घट्ट टेकवून मांडा. तळाला सिमेंट लावायचं नाही. वीट तापली की वाढते, निवली की आक्रसते, तिला हालचालीला वाव हवा. शिवाय दहा वर्षांनी एखादी फुटली तर उचलून दुसरी बसवता येते. विटा तिरक्या, ४५ अंशांत मांडा, म्हणजे फावड्याची कड सरळ सांध्याला अडकत नाही. दोन विटांमध्ये नखाएवढीही उंची-खोली राहिली तर पिझ्झा तिथे अडकून फाटतो. ज्या विटेची बाजू सपाट नाही ती बाजूला काढा, घुमटात, म्हणजे भट्टीच्या गोल छतात, चालेल.

कडप्पा किंवा शहाबादी फरशी तळाला घालायचा मोह अनेकांना होतो, कारण ती गुळगुळीत असते आणि घरात उरलेली असते. कृपा करून घालू नका. दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. थेट आगीत त्यांचे पापुद्रे उडतात, आणि ते उडताना समोर माणूस असतो. नदीतले गोटेही भट्टीत नकोत, पोटात मुरलेलं पाणी त्यांना फोडतं.

आता लाल विटांबद्दल. सरसकट नाही म्हणणार नाही. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या इ.स. ७९ च्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पोंपेईमध्ये तिसावर बेकऱ्या सापडल्या आहेत, त्यांच्या घुमटाकार भट्ट्या साध्या भाजक्या विटांच्याच. अडचण आपल्या विटेच्या भाजणीची आहे. आपल्याकडच्या भट्टीतली प्रत्येक वीट सारखी भाजलेली नसते. मधली पक्की, कडेची पिवळी. दोन विटा एकमेकींवर आपटून खणखणीत आवाज येतो का पाहा. एक वीट कोरडी तोला, चोवीस तास पाण्यात ठेवा, पुन्हा तोला. वजन वीस टक्क्यांहून जास्त वाढलं तर ती घुमटात नको. या परीक्षेत उतरलेली लाल वीट घुमटाला चालेल, तळाला नाही. राखेच्या करड्या विटा, सिमेंटचे ब्लॉक, हलके पांढरे ब्लॉक हे तर आगीजवळ अजिबात नकोत.

पण एवढी निवड करण्यापेक्षा सगळंच फायरब्रिकमध्ये करा, असं मी सांगेन. ९ बाय साडेचार बाय ३ इंची, मध्यम उष्णतेची (भारतीय मानक आयएस ६) किंवा जास्त उष्णतेची (आयएस ८) कोणतीही. पिझ्झाला मध्यम पुरते. भोसरी-चिंचवड भागात आणि कोल्हापूरला शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांभोवती फायरब्रिकचे व्यापारी आहेत. एक वीट साधारण ४ किलो भरते. कुणी हातात हलकी, थर्माकोलसारखी पांढरी वीट दिली तर ती इन्सुलेशनची वीट असते, तळ किंवा घुमट तिचा करत नाहीत. फाउंड्रीतून निघालेल्या जुन्या विटा स्वस्तात मिळतात. त्यांनी काय काय सोसलंय हे कुणालाच माहीत नसतं. जिथे खाणं टेकणार तिथे त्या नकोत.

मसाल्याची एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे व्यापारीही चुकीचं सामान देतो. फाउंड्रीसाठी जो मसाला मिळतो त्यातला बराचसा उष्णतेने पक्का होणारा असतो, म्हणजे हजार अंशांच्या आसपास गेला की तो विटेशी एकजीव होतो. तुमची भट्टी पाचशेच्या पुढे जाणार नाही, तर तो मसाला जन्मभर नुसती वाळलेली माती म्हणून राहील. दुसऱ्या टोकाला नुसतं सिमेंट-वाळू. साधं सिमेंट चारशे-पाचशे अंशांत आतलं पाणी गमावतं, निवल्यावर हवेतली ओल शोषून फुगतं, आणि असं वीस-पंचवीस वेळा झालं की बोटाने खरवडलं तरी भुगा पडतो. तुमच्या गवंड्याची भट्टी दोन वर्षांत गळायला लागते ती यामुळे.

दुकानातला हवेत घट्ट होणारा तयार मसाला मागा. तो महाग वाटला तर घरी करण्याचं प्रमाण असं: चाळलेली बारीक वाळू ३ भाग, सिमेंट १ भाग, चुन्याची भुकटी १ भाग, फायरक्ले १ भाग. यात सिमेंट फक्त पहिल्या दिवसांत वीट धरून ठेवायला आहे. पुढे ते कमजोर झालं तरी चुना आणि माती सांधा सांभाळतात. वीट लावण्याआधी दोन-तीन मिनिटं पाण्यात बुडवून काढा, नाहीतर ती मसाल्यातलं पाणी क्षणात पिते. आतल्या बाजूने सांधा ३ मिलिमीटरहून जाड नको. भट्टीची ताकद विटेत असते, मसाला फक्त पोकळी भरतो.

आकार. तुमच्या वापराला आतून ९० सेंटिमीटर व्यास पुरेसा आहे. त्यात बाजूला आग ठेवून दोन पिझ्झे मावतात, आणि एका वेळी दोनच सांभाळता येतात. १०५ ची भट्टी पाहायला छान वाटते, पण तापायला तासभर जास्त आणि लाकूड दीडपट. घुमट अर्धगोल धरला तर आतली उंची ४५ सेंटिमीटर. तोंडाची उंची घुमटाच्या उंचीच्या ६३ टक्के, म्हणजे २८ सेंटिमीटर, आणि रुंदी ४५ ते ४८. हे प्रमाण अनुभवातून आलंय. तोंड उंच झालं तर वरची गरम हवा पळते, बुटकं झालं तर आगीला श्वास मिळत नाही आणि धूर आतच कोंडतो. गवंडी म्हणेल, साहेब, मोठं पातेलं जायला तोंड जरा वाढवू. वाढवू नका.

विटांचा हिशोब: तळाला ४०, घुमटाला अर्ध्या केलेल्या विटा १४० म्हणजे ७० पूर्ण, कमान आणि पुढचं तोंड मिळून ३५ ते ४०, आणि तुटफूट. १७० विटा मागवा.

आधी तोंडाची कमान बांधा, प्लायच्या साच्यावर. मग तिच्या मागे घुमट. घुमटासाठी तळाच्या मध्यबिंदूवर सगळीकडे फिरणारा एक गज बसवा, लांबी बरोबर ४५ सेंटिमीटर, टोकाला वीट टेकेल असा लोखंडी कोन. प्रत्येक वीट त्या टोकाला टेकवली की तिचं अंतर आणि तिरकेपणा दोन्ही आपोआप बरोबर येतात. ओळंबा इथे काही कामाचा नाही, आणि पहिल्या दिवशी गवंड्याचे हात त्यामुळे बावरतात. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच तो गज फिरवायला लागतो. साधारण नऊ थरांत घुमट मिटतो. अर्ध्या विटेची साडेचार इंची बाजू आत, आणि बाहेर पाचरीसारखी जी फट उरते तिच्यात विटेचे तुकडे घट्ट ठोकून मसाला भरायचा. नुसता मसाला भरला तर तिथूनच तडे जातात.

पाचव्या-सहाव्या थरापासून विटा घसरायला लागतात. तेव्हा घाबरून आत वाळूचा ढीग करू नका. एकेक वीट हुकाने किंवा मागे वजन टांगलेल्या दोरीने धरून ठेवा, आणि कडं पूर्ण करा. कडं पुरं झालं की विटा एकमेकींना दाबून धरतात, मग त्यांना आधार नको. विजापूरचा गोल घुमट बघताना मान वर करून आपण थक्क होतो, त्यामागेही कड्यांनी एकमेकांना धरण्याचं हेच बळ आहे. स्वतःच्या हाताने शेवटची चावीची वीट बसवली आणि खालचा गज काढून घेतला की जे वाटतं, ते इतकी वर्षं झाली तरी माझं कमी झालेलं नाही. त्या क्षणी घरातल्या मुलांना जरूर बोलवा.

कमान आणि घुमट जिथे भेटतात तो सांधा या कामातला सगळ्यात अवघड. तिथे विटा ग्राइंडरने तिरक्या कापाव्या लागतात. डायमंड ब्लेड, पाणी मारत, डोळ्याला चष्मा आणि तोंडाला मास्क, कारण विटेची धूळ फुफ्फुसात जाऊन बसते. याला पूर्ण एक दिवस द्या.

धुराडं घुमटाच्या माथ्यावर करायचं नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की मी आराखड्यात तिथे लाल फुली मारून देतो. माथ्याला भोक म्हणजे सगळी धग आभाळात. हवा तोंडाच्या खालच्या भागातून आत जाते, आगीवरून छताला घासत फिरते आणि तोंडाच्या वरच्या भागातून बाहेर पडते. धुराडं तिथे, कमानीच्या पुढे, १५ ते २० सेंटिमीटर व्यासाचं, निदान १ मीटर उंच. वर टोपी आणि ठिणग्या अडवणारी जाळी हवीच. फेब्रुवारी ते मे तुमच्या भागात डोंगर वाळलेल्या गवताने भरलेला असतो, एका ठिणगीने वणवा लागतो. भट्टीभोवती चार मीटर जागा साफ ठेवा, पाण्याचा पिंप भरलेला असू द्या.

घुमटावर उष्णता अडवणारं सिरॅमिक फायबरचं ब्लँकेट. २५ मिलिमीटर जाडीचा रोल ७.६२ मीटर लांब आणि ६१ सेंटिमीटर रुंद येतो. तुमच्या घुमटावर एका रोलमध्ये बरोबर दोन थर बसतात. त्यावर कोंबडी-जाळी ताणून बांधा आणि व्हर्मिक्युलाइट-सिमेंटचा ५ सेंटिमीटरचा थर द्या. ब्लँकेट कापताना त्याचे तंतू हवेत उडतात आणि ते श्वासात जाणं चांगलं नाही, म्हणून एन-९५ मास्क, हातमोजे, लांब बाह्या, आणि मुलं लांब. एकदा झाकलं की धोका नाही. उघडं कुठेही ठेवू नका.

वरचा गिलावा मात्र अजून नाही. आधी भट्टी सुकवायची, आणि उत्तम बांधलेल्या भट्ट्या माणसं इथेच गमावतात. घुमट मिटल्यावर आठवडाभर ओलं गोणपाट, मग दोन आठवडे नुसतं थांबायचं. विटांत, सांध्यांत, तळाखाली कित्येक लिटर पाणी असतं. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,६०० पट जागा मागते. हळू तापवलं तर ती सांध्यांतून निघून जाते, एकदम तापवलं तर वाट फोडून निघते. एका ओळखीच्यांनी घुमट मिटल्यानंतर चौथ्या दिवशी वाढदिवसाचे पाहुणे आले म्हणून जाळ केला. बंदुकीसारखा आवाज झाला आणि कमानीपासून माथ्यापर्यंत बोट जाईल एवढी भेग पडली. ती मीच नंतर भरली, पण तो घुमट पुन्हा पूर्ववत झाला नाही.

सात दिवस असे जाऊ द्या: पहिल्या दिवशी लोखंडी पाटीत कोळसे, छत १०० अंश, चार-पाच तास. दुसऱ्या दिवशी १५०, मग २००, २५०, ३००, ३५०, आणि सातव्या दिवशी ४००. रोज रात्री तोंड अर्धवट झाकून भट्टी आपोआप निवू द्यायची. इन्फ्रारेड थर्मामीटर विकत घ्या, अंदाजावर करू नका. बाहेरून घाम फुटल्यासारखं पाणी दिसलं तर पुढचं पाऊल थांबवा, तोच आकडा आणखी एक दिवस. केसाएवढ्या भेगा येतील. त्या प्रत्येक भट्टीला येतात, भट्टी श्वास घेते तिथून. मग चुना-सिमेंटचा गिलावा करा, आणि माथ्यावर वाफेला एक लहान नळी सोडा.

पाऊस. घुमटाला रंग लावून तुमच्याकडचा पाऊस अडणार नाही. वर पत्र्याची शेड हवी, चारही बाजूंनी निदान ७५ सेंटिमीटर पुढे आलेली, वाऱ्याच्या बाजूला जास्त. धुराड्याच्या आसपास लाकडी वासा नको, आणि पत्र्याला भोक पाडाल तिथे पाणी आत येणार नाही अशी पन्हळ-कॉलर करा. जूनमध्ये तोंड आणि धुराडं झाकून ठेवा. तरीही चार महिन्यांच्या दमट हवेत इन्सुलेशन ओल धरतंच. दसऱ्याच्या सुमारास पहिल्यांदा पेटवाल तेव्हा पुन्हा तीन दिवस छोट्या आगी: १५०, २५०, ३५०. ओल्या ब्लँकेटची भट्टी तापत नाही, आणि लोक मग पुन्हा लाकडाला दोष देतात.

लाकूड बाभूळ, सुरू, आंबा, चिंच, सहा महिने सावलीत वाळलेलं आणि मनगटाएवढं फोडलेलं. कण्हेरीची फांदी चुकूनही नको, ते झाड विषारी आहे. बिब्ब्याचं लाकूड आणि काजूची टरफलं नकोत, त्यांच्या धुराने अंग उठतं. प्लायवुड, रंगवलेली जुनी दारं, पेटाऱ्यांच्या फळ्या अजिबात नको. धुराची काळजी शेजाऱ्यांसाठीही घ्या. मुंबईत लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सहा महिन्यांची मुदत दिली, ती उगीच नाही. तुमची भट्टी आठवड्यातून एकदा पेटणार, पण वाळलेलं लाकूड वापरलं तर धूर पहिली पंधरा-वीस मिनिटंच दिसतो.

चालवताना आग आधी मधोमध. घुमट काजळीने काळा होईल. दीड तासाने, साडेतीनशेच्या वर गेलं की माथ्यापासून काजळी जळायला लागते आणि वीट पुन्हा पांढरी दिसू लागते. हा पांढरेपणा खाली कमरेपर्यंत उतरला की निखारे डावीकडे ढकला, तळ पितळी ब्रशने झाडा आणि दहा मिनिटं थांबा. तळावर चिमूटभर मैदा टाका. सावकाश तांबूस झाला तर पिझ्झा घाला, लगेच काळा पडला तर अजून थोडं थांबा.

त्या रात्री तोंडाला पत्र्याचं दार लावून झोपा. तळाखाली नीट पांघरलेली भट्टी सकाळी दोनशेच्या आसपास असते. त्यात पाव होतो, मग दुपारी दीडशेवर नानकटाईचे दोन पत्रे, आणि संध्याकाळी शेतातली वांगी उरलेल्या निखाऱ्यांजवळ.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात खणायला घ्या. स्लॅब, तळाचा थर, घुमट आणि सुकवणं धरून जानेवारीच्या मध्यावर पहिला पिझ्झा निघेल. स्लॅब झाल्यावर आणि बोर्ड मांडल्यावर, विटा लावण्याआधी, मला मापांसह फोटो पाठवा. त्या टप्प्यावर चूक सापडली तर एका दुपारीत सुधारता येते.